जावईबापू उठतात की नाही

मला बोलायची सवय नाही, ओरडायची आहे. म्हणून आज जरा आवाज खाली घेऊन सांगतो. कानात बोळे घालायची गरज नाही, पण फार जवळही उभे राहू नका.

अणुवीज केंद्राच्या मागच्या अंगाला, जाड भिंतींच्या एका खोलीत माझा मुक्काम आहे. कागदोपत्री माझं नाव आपत्कालीन डिझेल जनित्र. त्या नावाने मला इथे कुणी हाक मारत नाही. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे मला जावईबापू म्हणतात.

कारण उघड आहे. मी बसून खातो. माझी खोली साऱ्या केंद्रात स्वच्छ. अंग गार पडू नये म्हणून माझ्या पोटात कायम कोमट पाणी खेळवत ठेवतात. तेल उंची. कुणी माझ्या खोलीचं दार आपटलं तर त्याला दटावतात. आणि एवढं सगळं करून घेऊन मी काय करतो, तर महिन्यातून एकदा उठतो, आवाज चढवतो, आणि पुन्हा झोपतो. शेजारच्या खोलीत अगदी माझ्यासारखाच आणखी एक आहे. ते धाकटे जावई. नात्याने आम्ही साडू, आणि साडूसाडूंचं जेवढं जमतं तेवढंच आमचं जमतं.

पण मला फुकटखाऊ समजू नका. इथली अणुभट्टी बंद केली तरी तिचा राग लगेच उतरत नाही. आत कितीतरी काळ धग राहते आणि त्या धगीवरून पाणी फिरवत ठेवावंच लागतं. पाणी फिरवायला पंप हवेत, पंपांना वीज हवी. ती वीज एरवी बाहेरच्या तारांवरून येते. त्या तारा कधी तुटल्या, तर सगळी भिस्त आम्हा दोघा साडूंवर. हाक आली की दहा सेकंदांत जागं व्हायचं, पुरता वेग घ्यायचा आणि वीज द्यायला लागायचं. दहा सेकंदांत भल्याभल्यांना उशीखालचा चष्मासुद्धा सापडत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. माझ्याबरोबर घडलेले माझे भाऊ जहाजांवर गेले, एक खाणीत गेला. ते सगळे दिवसरात्र राबतात म्हणे. मला इथे आणून काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसवलं, नटबोल्ट आवळले, तेव्हा मीही राबायच्या तयारीनेच आलो होतो. पण मला बसवणाऱ्या माणसाने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तुझी कुणाला कधी गरज न पडो, बाबा!" नोकरीच्या पहिल्याच दिवशी असा आशीर्वाद दुसऱ्या कुणाला मिळाला असेल असं वाटत नाही. मी पुष्कळ दिवस तोंड फुगवून बसलो होतो.

मग आक्का आल्या.

आक्का म्हणजे आमच्या विभागाच्या मुख्य मेकॅनिक. ठेंगण्या, मनगटं रुंद, केस टोपीखाली कोंबलेले आणि खिशात कायम एक फडकं. आवाज असा की मी भरात असतानाही खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यावा. त्यांच्या आधी इथे एक म्हातारे मेकॅनिक होते, त्यांना सगळे वस्ताद म्हणत. आक्का त्यांच्या हाताखाली शिकल्या आणि ते गेल्यावर माझा ताबा त्यांच्याकडे आला. ताबा कसला, संसारच म्हणा.

त्यांना एकच मुलगी आणि त्या मुलीमुळे एक खरा जावईही होता. बिचारा शाळेत भूगोल शिकवायचा. खोलीतल्या भिंतीवरच्या फोनवर मुलीचा फोन आला की तिची तक्रार मलाही ऐकू यायची. "आई, त्या इंजिनाचं जेवढं करतेस ना, त्याच्या निम्मं तरी आमच्या ह्यांचं कर." आक्का फोन खांद्यात धरून माझ्या अंगावरून फडकं फिरवत म्हणायच्या, "तुझा नवरा हाक मारल्याबरोबर उठतो का? हे उठतात!"

ते ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू.

आता माझ्या आंघोळीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या आंघोळीवरूनच झालं. मला उठवतात ते दाबून भरलेल्या हवेने. माझ्या पायथ्याशी हवेच्या दोन टाक्या आहेत. हाक आली की त्यातली हवा माझ्या अंगात घुसते, मला गरागरा फिरवते आणि मग मी पेटतो. चाचणीच्या आदल्या दिवशी आक्का खाली वाकून त्या टाक्यांचा नळ सोडायच्या आणि साचलेलं पाणी बादलीत काढायच्या. मग एक लांब दांडा लावून मला हाताने सावकाश फिरवायच्या, म्हणजे सांधे मोकळे व्हावेत. मग हातपंपाने सगळ्या अंगात तेल पोचवायच्या. हे सगळं गुणगुणत चालायचं. वस्तादही असंच करायचे. चाचणीचं जे पुस्तक होतं त्यात ही आंघोळ कुठेच लिहिलेली नव्हती. पण पाहुणे यायच्या आधी घर झाडावं, असंही कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी चाचणी. माणसं जमायची, एक जण हातात घड्याळ धरायचा, दुसरा बटण दाबायचा. मी आदल्या दिवशीच न्हाऊनमाखून तयार असायचो. फुस्स करून हवा यायची, आणि लोकांनी कानांवर हात ठेवेपर्यंत माझा सूर लागलेला असायचा. वर्षानुवर्षं मी एकदाही चुकलो नाही. आक्का कॉलर ताठ करून बाहेर पडायच्या.

पण एक काळजी त्यांना आतून खात होती. ढिम्म बसलेल्या अंगाला एकदम धावायला लावलं की आत कुठेतरी खरवडतंच. आक्कांना ते माझ्या तेलाच्या गाळणीत दिसायचं. बारीक, चमचमता चुरा. तो बोटावर घेऊन त्या दिव्याखाली धरायच्या आणि त्यांचं तोंड उतरायचं. मी धड आहे की नाही हे बघण्यासाठी जी चाचणी होती, तीच मला महिन्या-महिन्याने झिजवत होती. माझ्यासारखं इंजिन आता कुठे बनतही नाही. मी मोडलो तर सुटे भाग मिळायचे नाहीत, मला भंगारात काढतील, हे आक्कांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी मोठ्या साहेबांचा, म्हणजे केंद्रप्रमुखांचा पिच्छा पुरवला. नियामक मंडळाकडे अर्ज करा, महिन्याऐवजी तीन महिन्यांनी चाचणी मागा. साहेब आधी टाळाटाळ करत होते. मग आक्का तो चुरा कागदावर घेऊन त्यांच्या टेबलापर्यंत गेल्या. अर्ज गेला, आणि त्याच्या पाठोपाठ मंडळाचे तपासनीस आले.

अंगाने किडकिडीत. बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ. बोलणं मऊ, पण तोंडात सारखा एकच शब्द: का? ही भिंत पिवळी का? हा पाइप इथूनच का वळवला? चहा एवढा गोड का? दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांचं नाव कासाहेब पडलं होतं.

चाचणीच्या वेळी ते हजर राहणार हे ठरलेलंच होतं. पण ते आदल्या दिवशीच, कुणाला न सांगता माझ्या खोलीत शिरले. आक्का नुकत्याच माझी आंघोळ आटोपून हात पुसत होत्या.

कासाहेब माझ्याभोवती एक चक्कर मारून आले आणि भिंतीला टेकवलेल्या दांड्यापाशी थांबले.

"हा एवढा चकाकतोय का?"

"वापरात आहे म्हणून."

"पुस्तकाप्रमाणे तो फक्त मोठ्या दुरुस्तीच्या वेळी लागतो."

"पुस्तक लिहिणाऱ्यांनी ह्यांना कधी उठवलंय का?"

कासाहेब हसले. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. "आणि ही बादली?"

"टाकीतलं पाणी. उद्या चाचणी आहे ना, म्हणून आज काढलं. अंग फिरवून मोकळं केलं, तेल पाजलं. नेहमीचंच आहे."

"दर चाचणीच्या आधी?"

"मग! चारचौघांसमोर उभं करायचं म्हणजे तोंड नको धुवायला?"

आक्कांच्या मनात लपवाछपवी मुळीच नव्हती. उलट आपण किती मन लावून करतो हे पाहुण्यांना दिसलं, याचाच त्यांना आनंद झाला होता. कासाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि हळूच विचारलं, "आक्का, बाहेरची वीज जाते, ती आदल्या दिवशी कळवून जाते का?"

 आक्कांनी खिशातून फडकं काढलं, परत आत ठेवलं, परत काढलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग इतकी वर्षं आपण परीक्षा कुणाची घेतोय? ह्यांची, की तुमच्या मायेची?"

दुसऱ्या दिवशी माझ्याच खोलीत बैठक झाली. मोठे साहेब दर दोन वाक्यांनी घाम पुसत होते. कासाहेब म्हणाले, "ही ठरलेली चाचणी रद्द. येत्या काही आठवड्यांत मी येईन, केव्हा ते सांगणार नाही. मी आल्याबरोबर बटण दाबायचं. तोपर्यंत पुस्तकात आहे तेवढीच देखभाल, त्यापलीकडे कुणीही हात लावायचा नाही. जावईबापू दहा सेकंदांत उठले, तर तीन महिन्यांच्या मागणीचा विचार करू."

"आणि नाही उठले तर?" आक्कांनी विचारलं.

"तर नियम स्पष्ट आहे. भरवसा बसेपर्यंत दर आठवड्याला चाचणी."

"आठवड्याला?" आक्का उभ्याच राहिल्या. "साहेब, मरतील हो ते!"

"नियम मी एकट्याने केलेला नाही, आक्का."

बैठक उठली. मोठे साहेब आक्कांच्या कानाशी येऊन कुजबुजले, "ती बादली जरा आडोशाला ठेवता आली तर बघा की. एखादा थेंब तेल... कुणाला काय कळतंय?" आक्कांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते घाम पुसत थेट दारापर्यंत गेले. मग आक्कांनी तो चकाकता दांडा उचलला आणि निघालेल्या कासाहेबांच्या हातात दिला.

"हा तुमच्यापाशीच ठेवा. माझ्या हातांचा मला भरवसा नाही."

त्यानंतरचे दिवस आमच्या दोघांच्याही जिवावर आले. आक्का रोज यायच्या, माझ्यासमोर स्टुलावर बसायच्या आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घ्यायच्या. हात पुढे आले की ते आपोआप नळाकडे जायचे. एकदा तर नळाला बोट लागलंसुद्धा. त्यांनी आपल्याच हातावर चापट मारली.

मला त्यांची दया यायची, पण त्याहून जास्त भीती स्वतःचीच वाटायची. आजवर मी जितक्या वेळा उठलो, ते आंघोळ करून. न न्हाता, न माखता, सरळ झोपेतून मला उठता येतं का? मला खरंच ठाऊक नव्हतं. एवढं मोठं अंग, एवढं नाव, आणि स्वतःबद्दलची ही एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती. साडू मात्र मजेत होते. त्यांची पाळी माझ्यानंतर होती.

एके दिवशी आक्का स्टुलावर बसल्या त्या हसतच. "ऐकलंत का जावईबापू? काल आमचे खरे जावई न कळवता आले. घरभर पसारा, बेसिनमध्ये ढीगभर भांडी, आणि मी भरदुपारी घोरत पडलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तर तो माणूस काय म्हणतो? 'आई, तुम्ही पडा.' आणि बाह्या वर करून भांडी घासायला उभा! एरवी कळवून यायचा, मी सगळं चकाचक करून ठेवायची आणि तो पाहुण्यासारखा कडेला बसून निघून जायचा. इतक्या वर्षांत मला कळलंच नव्हतं हो, की हा माणूस असा आहे."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कसे आहात ते मला कुठे ठाऊक आहे?" असं म्हणून त्या उठल्या.

कासाहेब आले ते एका साध्यासुध्या सकाळी. फरशी पुसणाऱ्या माणसाने माझ्या दाराशी नुकती बादली ठेवली होती. कासाहेब ती ओलांडून आत आले, नियंत्रण कक्षाला फोन लावला आणि म्हणाले, "दाबा."

हवा सुटली. पण ती हवा कसली, निम्मं पाणीच! घशात घास अडकावा तसा मी खाकरलो. अंग फिरायला लागलं, अडलं, पुन्हा फिरलं. आक्का हात पाठीशी घट्ट धरून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या आकडे मोजत होत्या. ते दहाच्या पुढे गेले, आणखी पुढे गेले. मग मी पेटलो, काळा धूर ओकलो आणि धावत सुटलो. पण गाडी निघून गेल्यावर फलाटावर धापा टाकत पोचलेल्या माणसाचं जे होतं, ते माझं झालं.

मी थांबलो. मला मेल्यासारखं झालं होतं.

आक्काच आधी हलल्या. "आता हात लावू?" त्यांनी विचारलं. कासाहेबांनी मान डोलावली. आक्कांनी हवेचा पाइप खोलला आणि भळाभळा पाणी आलं. मग त्या पाइपाच्या मागे मागे गेल्या. टाकीत हवा शिरण्याआधी तिच्यातली ओल शोषून घेणारा एक डबा असतो. त्याच्यावरचा हिरवा दिवा मजेत जळत होता. आक्कांनी झाकण उघडलं. आतल्या कोरड्या दाण्यांचा पार चिखल झालेला होता. डबा केव्हाचाच मेलेला, दिवा तेवढा जिवंत.

"बादली दरवर्षी जरा जास्तच भरायची," आक्का हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटायचं, वय झालं, आता ह्यांना घाम जास्त येतो."

आणि आक्का खाली फरशीवर बसून रडल्या. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, रडताना आवाज मात्र आला नाही. "ह्यांचं दुखणं मी पुसत बसले हो. दर महिन्याला पुसलं. म्हणून कुणाला दिसलंच नाही. खरीच वीज गेली असती तर?"

कासाहेब पायघोळ कोट सावरत त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. "गेली असती तर फार वाईट झालं असतं. पण आज आपण सगळे इथे उभे असताना हे अडखळले. याहून चांगला दिवस त्यांना सापडला नसता."

आक्कांनी फडक्याने डोळे पुसले, आणि तेलाचा एक काळा पट्टा गालभर उमटला. "म्हणजे आता आठवड्याला."

"का?" कासाहेबांनी विचारलं, आणि आपलाच शब्द ऐकून स्वतःच हसले. "आजार काय ते कळलं. तो काही झिजेचा नाही. तरीही दर आठवड्याला पळवत बसलो, तर आपणच झीज आणू. मी मंडळाला तसं लिहितो. पण माझी एक अट आहे. डबा बदला, सगळं नीट करा, आणि मी पुन्हा न कळवता येणार. तेव्हा उठले नाहीत, तर मात्र आठवड्याचं वेळापत्रक. मग माझ्या हातात काही नाही."

मोठ्या साहेबांनी कपाळाला हात लावला, पण दुरुस्ती होईपर्यंत भट्टी थांबवली. तसा नियमच होता, आणि त्या दिवशी त्यांनीही कुजबुज केली नाही. साडूंचा डबा उघडून पाहिला तर तोही अर्धामेला. भिंतीपलीकडची मजा तिथेच संपली. दोन्ही डबे नवे आले. टाक्या, पाइप, झडपा आतून पुसून कोरड्या झाल्या. दुरुस्तीनंतरची साधी चाचणी आम्ही दोघांनी पार पाडली आणि भट्टी पुन्हा सुरू झाली. पण ती चाचणी कळवून केलेली. तिने आक्कांचंही समाधान झालं नाही आणि माझंही.

पुन्हा वाट बघणं आलं. आक्का स्टुलावर, हात पाठीशी.

आणि मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, हाक आली.

मला वाटलं कासाहेबच आले. पण खोलीत कुणीच नव्हतं. कुठेतरी दूर एका उंच क्रेनने मान वर करताना केंद्राकडे येणाऱ्या तारा ओढून तोडल्या होत्या, हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की माझ्या खोलीतला दिवा विझला. तो आजवर कधी विझला नव्हता.

हवा आली. कोरडी, खणखणीत. कुणी न्हाऊ घातलं नव्हतं, कुणी माखलं नव्हतं, कुणी घड्याळ धरून उभं नव्हतं. मी फिरलो, पेटलो, आणि पुढच्या श्वासाला माझा सूर लागला. भिंतीपलीकडून साडूंचाही लागला. तिकडे पंप फिरायला लागले, पाणी धावलं. भट्टी आपोआप बंद पडली होती, आणि तिच्या पोटातली धग आमच्या जोरावर हळूहळू निवत होती. माझ्या खोलीतला दिवा पुन्हा लागला. तो मी लावला होता. आयुष्यात पहिल्यांदा, खऱ्या कामासाठी.

दार आपटलं आणि आक्का धावत आल्या. एका हातात अर्धी खाल्लेली पोळी तशीच होती. माझ्या अंगापासून हातभर अंतरावर त्या थबकल्या, पोळी खिशात कोंबली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. काटे बघितले, धूर बघितला, कान लावून ऐकलं. मग माझ्या आवाजाच्या वरताण ओरडल्या, "उठले! जावईबापू न सांगता उठले!"

मोठे साहेब आले, ते घाम पुसायचाच विसरले होते. त्यांनी आक्कांशी हात मिळवायला हात पुढे केला. आक्कांचे हात काही सुटेनात. शेवटी त्यांनी नुसती मान हलवली.

आम्ही दोघा साडूंनी संध्याकाळपर्यंत भार ओढला. तारा जोडून झाल्यावर मला थांबवलं तेव्हा मी दमलो होतो आणि इतका आनंदात होतो की थंड व्हायलाच तयार नव्हतो.

दोन दिवसांनी कासाहेब न कळवता आले. दांडा त्यांच्या काखोटीला होता.

"चाचणी घ्यायची होती," ते म्हणाले.

"उशीर केलात," आक्का म्हणाल्या. "तुमच्या आधी दुसरेच तपासनीस येऊन गेले."

कासाहेबांनी यंत्रावर उमटलेली माझी उठण्याची वेळ पाहिली, दहा सेकंदांच्या आतली, पुन्हा पाहिली, आणि दांडा आक्कांच्या हातात परत दिला. त्या वेळी त्यांनी 'का?' असं काही विचारलं नाही.

आता माझं वेळापत्रक नवं आहे. दर महिन्याला मला उठवतात, पण सावकाश, अंग गरम होऊ देत, म्हातारा माणूस सकाळी उठतो तसं. दहा सेकंदांची धावपळ वर्षातून थोड्याच वेळा, आणि ती कुणालाही न सांगता. टाक्यांचं पाणी काढायचं काम पुस्तकात गेलंय, साध्या दिवसांना, आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त आलं तर वर कळवायचं असंही त्यात आहे. गाळणीतला चुरा जवळजवळ नाहीसा झालाय. कासाहेबांनी हे वेळापत्रक मंडळाच्या बैठकीत भांडून मंजूर करून घेतलं, असं मोठे साहेब सांगतात. कासाहेब भांडतात कसे, ते मला एकदा बघायचं आहे.

आक्का गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्या मला भेटायला आल्या, त्यांच्याबरोबर त्यांच्या जागी आलेली मेकॅनिक होती. निरोपासाठी आलेले कासाहेब दाराशी उभे होते. आक्का स्टुलावर बसल्या नाहीत. हात पाठीशी बांधून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"उद्या चाचणी आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही आक्का," ती म्हणाली. "आता कुणालाच माहीत नसतं."

"मग राहू दे," आक्का म्हणाल्या. "असंच लांबून बरं."

दारातून कासाहेब म्हणाले, "आक्का, नुसता हात ठेवायला नियमात कुठेही मनाई नाही. मी नीट वाचलंय."

तेव्हा कुठे आक्कांनी हात सोडले. उजवा तळहात त्यांनी माझ्या कुशीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. खिशातलं फडकं बाहेर आलं नाही. मी कोमट होतो, तळहातही कोमट होता, आणि आम्हा दोघांनाही काही सिद्ध करायचं नव्हतं. जाताना त्या म्हणाल्या, "येते हं जावईबापू. आता मुलीकडे चाललेय. त्यांना कळवलं नाहीये."

तुमच्याकडे माझ्या जातीचं कुणी असेल. कपाटातली विजेरी, जिन्यातलं आग विझवायचं नळकांडं, गाडीच्या डिकीतलं जादा चाक. त्यांना पुसा, जपा, पण एखाद्या साध्या दिवशी त्यांना सहज उठवूनही बघा. अडखळले तर रागवू नका. तुम्ही समोर असताना अडखळले, एवढं लक्षात ठेवा.

आणि माझी काळजी करू नका. इकडे सगळे दिवे नीट जळत असतील, तर समजा मी झोपलोय. झोपू द्या. फक्त अधूनमधून, न सांगता, एक हाक मारून बघा.